नवीन काय बसवायचं, ते शेवटी ठरव

प्रिय तरुण सहकाऱ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

शहरातल्या बागा सुधारण्याच्या आराखड्याचा तुझा पहिला मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण पानोपानी नव्या वस्तूच आहेत: कारंजं, व्यायामाची उपकरणं, कमान, रंगीत पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक. ही यादी काही महिने बाजूला ठेव. बागा उजाड होतात त्या बहुधा वस्तू कमी पडल्या म्हणून नव्हे. माती दाबली गेलेली असते, पाणी वेळेवर मिळत नाही, क्षेत्रफळाच्या मानाने माळी तुटपुंजे असतात आणि मोडलेलं दुरुस्त करायला वेगळा निधी नसतो. हे सगळं तसंच ठेवून वर नवं काही बसवलं, तर थोड्याच वर्षांत तेही मोडतं आणि सांभाळायच्या वस्तूंत तेवढी भर पडते. आराखडा बागेत आज काय घडतंय इथून सुरू कर आणि दहाव्या वर्षी तिची निगा कोण राखणार, इथपर्यंत ने.

आधी शहराचा नकाशा. शहरी वृक्षांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेन्डाइक यांनी 2021 मध्ये मांडलेला 3-30-300 हा निकष तुला ठाऊक असेल: प्रत्येक घरातून किमान 3 झाडं दिसावीत, वस्तीच्या 30 टक्के जागेवर झाडांचं छत्र असावं आणि 300 मीटरच्या आत हिरवी सार्वजनिक जागा असावी. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत, पण नकाशावर बागेभोवती 300 मीटरचं वर्तुळ काढून मोकळं होऊ नकोस. मधे रेल्वेमार्ग असतो, नाला असतो, ओलांडता न येणारा रस्ता असतो. अंतर मोजायचं ते फाटकापासून, पायी जायच्या वाटेनं. असं मोजलं की कित्येकदा दिसतं, बाग घराच्या पाठीलाच आहे, पण फाटक पलीकडच्या बाजूला असल्यामुळे दीड किलोमीटरचा वळसा पडतो. तिथे नव्या बागेसाठी जागा शोधण्याआधी कुंपणाच्या बंद बाजूला एक फाटक उघडता येतं का, ते बघ. सुधारणांमध्ये याहून स्वस्त आणि परिणामकारक काम क्वचितच सापडेल.

मग मोजणी. प्रत्येक बागेचे भाग पाड: हिरवळ, खेळाची जागा, बाक, मैदान, वाटा. दिवसातून चार वेळा, म्हणजे सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि अंधार पडताना, प्रत्येक भागातून ठरलेल्या क्रमानं चालत जायचं आणि त्या क्षणी तिथे असलेली माणसं टिपायची: बाई की पुरुष, मूल, किशोरवयीन, प्रौढ की वृद्ध, आणि बसलंय, चालतंय की खेळतंय. कामाच्या दिवसांत आणि सुट्टीच्या दिवशी, दोन्ही वेळा हे कर. फॉर्म एका पानाचा ठेव, नाहीतर मोजणारे कंटाळतात आणि अंदाजे आकडे भरतात. हाच फॉर्म सुधारणा झाल्यानंतर पुन्हा वापरायचा आहे, तेव्हा मधेच रकाने बदलू नकोस.

या तक्त्यात जे रकाने रिकामे दिसतील, तिथे खरं काम आहे. व्हिएन्नात 1990 च्या दशकात असंच लक्षात आलं होतं की साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागेत दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येतच राहतात. जाळीनं बंदिस्त, एकच दार असलेल्या मैदानात मोठ्या मुलांशी जागेसाठी भांडायला मुली जात नव्हत्या. मार्गारेटेन भागातल्या दोन बागांमध्ये मग मैदानांना अधिक वाटा दिल्या, मोठी जागा तोडून व्हॉलीबॉल, बॅडमिंटनसाठी लहान जागा केल्या, आणि मुलींचा वावर वाढला. नवं उपकरण एकही न आणता साधता येणारी ही गोष्ट आहे. लोकांशी बोलतानाही "तुम्हाला काय हवं?" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर बाजारात जे दिसतं तेच येतं. "किती वाजता येता, कुठे बसता, किती वेळानं उठता आणि का?" असं विचार. आणि जे येत नाहीत, त्यांना बागेत गाठता येणार नाही; त्यांच्यासाठी शाळेच्या फाटकाशी, बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत जावं लागेल. स्वच्छतागृह नाही, हे कारण तिथे तुला वारंवार ऐकू येईल. बायका, वृद्ध आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्यांचा बागेतला मुक्काम त्यावरच ठरतो, तेव्हा ती सोय यादीच्या वरच्या टोकाला ठेव.

आता माती आणि पाणी. इथे घाई करू नकोस, कारण जमिनीखालचं चुकलं तर वरचं काहीच टिकत नाही. बागेत पाच-सहा ठिकाणी, विशेषतः जिथे गवत टिकत नाही तिथे, 30 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खण. बाजू कुदळीनं गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडून घे. चिकणमातीत गुळगुळीत भिंत पाणी अडवते आणि मोजमाप फसतं. खड्डा पाण्यानं भर, पूर्ण जिरू दे, मग पुन्हा भर आणि या दुसऱ्या वेळी पट्टी उभी धरून दर तासाला पातळी किती उतरली ते लिही. पहिल्या वेळचा आकडा घ्यायचा नाही. कोरडी माती सुरुवातीला हावरटासारखं पाणी पिते. तासाला दोन-अडीच सेंटिमीटर उतरत असेल तर निचरा चांगला. अर्धा सेंटिमीटरही उतरत नसेल तर तिथे पाणी मुरवणारा खोलगट वाफा करू नकोस. 15 सेंटिमीटर साचलेलं पाणी जिरायला 30 तासांहून जास्त लागतील आणि सलग पाऊस असेल तर ते जिरणारच नाही. असं पाणी दोन दिवसांत संपलंच पाहिजे, म्हणजे डासांच्या अळ्यांना वाढायला वेळ मिळत नाही.

पावसाचा हिशेब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 1,000 चौरस मीटरच्या फरसबंद चौकावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 25,000 लिटर पाणी येतं. ते कुठे जाणार, याचं उत्तर चौकाच्या नकाशावरच लिहिलेलं असलं पाहिजे. फरसबंदीचा उतार वाफ्याकडे आहे का, आणि वाफ्याच्या कडेचा दगड पाणी आत जाऊ देतो का, हे दोन्ही तपास. उतार बरोबर काढलेला, पण कडेला सलग उंच दगड लावल्यामुळे पाणी वाटेवर तुंबलेलं आणि शेजारचा वाफा कोरडा, असं सर्रास दिसतं.

दाबली गेलेली माती बांधकामाच्या काळात आणखी दाबली जाते. खडी-सिमेंटचे ट्रक, मिक्सर, सळयांचा ढीग हे सगळं नेमकं झाडाखाली येतं, कारण तिथे सावली असते. झाडांची पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटरमध्ये असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. म्हणून काम सुरू होण्याआधी प्रत्येक जुन्या झाडाभोवती कुंपण हवं. ब्रिटिश मानक बीएस 5837 मधला हिशेब वापर: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास घे, त्याला 12 नं गुण, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ राखून ठेव. खोडाचा घेर 157 सेंटिमीटर भरला तर व्यास 50 सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या 6 मीटर. या वर्तुळात चर, मातीचा भराव, सामान, काहीही नाही. निविदेत हे कुंपण वेगळी बाब म्हणून लिही आणि त्याचं मोजमाप झाल्याशिवाय पहिलं बिल निघणार नाही अशी अट घाल. मुळं तुटलेलं झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं आणि तोवर कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघडलेलं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायची मुदत, संपलेला असतो.

नव्या झाडांचा खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण गड्ड्याहून खोल नको. खोल खणून मऊ माती भरली की झाड हळूहळू खाली बसतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग लावल्यानंतर जमिनीवर दिसलाच पाहिजे. पिशवीत गोल फिरलेली मुळं सोडव, न सुटणारी काप. तशीच ठेवली तर पुढे तीच खोडाचा गळा आवळतात. पालापाचोळ्याचं किंवा लाकडी भुश्श्याचं 5 ते 10 सेंटिमीटरचं आच्छादन कर, पण खोडाला टेकू देऊ नकोस. आधारकाठीचा बांध सैल हवा आणि वर्षभरात काठी काढायची. जातींच्या बाबतीत वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी 1990 मध्ये सुचवलेली मर्यादा अजून उपयोगी पडते: एका जातीची झाडं 10 टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटातली) 20 टक्क्यांहून आणि एका कुळातली 30 टक्क्यांहून जास्त नकोत. एकाच जातीची रांग सुंदर दिसते, पण एक कीड आली की सगळी रांग जाते.

तुझ्या मसुद्यातल्या 300 झाडांना पाणी कोण घालणार, हे लिहिलेलं नाही. प्रत्येक झाडाला कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा 40 लिटर धरलं तरी आठवड्याला 24,000 लिटर होतात. नळीला मिनिटाला 10 लिटर पाणी येत असेल तर ते 40 तासांचं काम आहे. म्हणजे एक पूर्ण माणूस, दुसरं काही न करता, आणि हे किमान दोन-तीन वर्षं. तो माणूस नसेल तर 100 झाडं लाव आणि ती जगव. हाच हिशेब प्रत्येक बाबीला लाव: काम कोणतं, किती दिवसांनी, किती माणूस-तास, कोणतं सामान, आणि ती वस्तू किती वर्षांनी बदलावी लागेल. बागेतल्या माळ्यांना हा तक्ता मसुद्याच्या टप्प्यावरच दाखव. गवत कापायचं यंत्र कुठल्या कोपऱ्यात वळत नाही, कोणता नळ उन्हाळ्यात कोरडा पडतो, हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं.

वाटा आणि बसायच्या जागा. गवतातून उठलेल्या पायवाटा काट्याकुट्यांनी बंद करायच्या नाहीत. त्या टिपून घ्यायच्या आणि त्यांतल्या ठळक वाटा पक्क्या करायच्या. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जायला 1.8 मीटर रुंदी लागते. पायऱ्यांऐवजी केलेला उतार 1 ला 12 पेक्षा तीव्र नको, म्हणजे 1 सेंटिमीटर चढायला निदान 12 सेंटिमीटर लांबी हवी. 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या टाळायच्या तर 5.4 मीटर लांबी लागते, आणि ती जागा आधीच राखली नाही तर शेवटी एक घसरगुंडीसारखा तुकडा बसवला जातो, ज्यावरून कुणालाच जाता येत नाही. बाकाची बैठक सुमारे 45 सेंटिमीटर उंच, पाठ असलेली, निदान काही बाकांना हात असलेली. गुडघे दुखणाऱ्याला हातावर भार देऊनच उठता येतं. बाक वाटेकडे तोंड करून आणि दुपारच्या सावलीत. सावली नकाशावर दिसत नाही, जागेवर जाऊन खडूनं आखावी लागते.

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचा अभ्यास जरूर कर. रस्त्यापेक्षा उंच, भोवती दाट झुडपं आणि कुंपण, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नसे. अमली पदार्थांच्या विक्रीसाठीच ती बाग ओळखली जाऊ लागली होती. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम एच. व्हाइट यांच्या निरीक्षणांवरून झुडपं काढली, प्रवेश रुंद आणि मोकळे केले, हव्या तिथे उचलून ठेवता येतील अशा हलक्या खुर्च्या दिल्या. 1992 मध्ये बाग पुन्हा खुली झाली आणि माणसांनी भरली. सुरक्षिततेचा प्रश्न आला की लोक उंच भिंत आणि जास्त दिवे मागतात. आधी नजर आरपार जाते का ते बघ: झुडपं कमरेखाली, झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर. दिव्यांमध्ये झगझगाटापेक्षा समानता महत्त्वाची. एक प्रखर खांब आणि पुढे काळोख असेल तर समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही.

खेळाच्या जागेबद्दल दोनच गोष्टी, पण त्यांत तडजोड नको. कठड्यात किंवा शिडीत 9 ते 23 सेंटिमीटरच्या फटी नकोत. मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. उपकरणांखाली आणि भोवती किमान 1.8 मीटरपर्यंत वाळू किंवा लाकडी चिपांचा 30 सेंटिमीटर थर हवा. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी तो सर्वांत आधी उडून जातो, म्हणून तिथे खांबावर रंगानं खूण कर. थर खुणेखाली गेला की भर घालायची, हे कुणालाही कळेल.

टप्पे ठरवताना पहिले सहा महिने फक्त दुरुस्ती आणि फाटकं ठेव: गळके नळ, तुटलेले बाक, उखडलेल्या वाटा, बंद दिवे. मोठ्या बदलाची आधी तात्पुरती चाचणी घे. वाट बदलायची तर एक महिना चुन्यानं आखून बघ, मैदान विभागायचं तर आधी दोरी आणि शंकू लाव. खर्चाच्या पानावर उभारणीच्या रकमेशेजारी दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच ओळीत लिही, परिशिष्टात नको. मंजुरी देणारे पुढचं पान उलटतीलच असं नाही.

आधी दोन बागांची मोजणी आणि खड्ड्यांची मोजमापं पूर्ण कर. एक मोठी घे आणि एक वस्तीतली लहान. तक्ते जसे भरले असतील तसेच, खाडाखोडीसकट पाठव. स्वच्छ प्रत नंतर करता येईल. ते बघून झाडांची यादी आणि फाटकांच्या जागा आपण एकत्र ठरवू.

तुझा हितचिंतक