‘कल्की २८९८ एडी’ या तेलुगू सिनेमाच्या दुसऱ्या भागात भैरव (प्रभास, बक्षिसासाठी माणसं पकडून देणारा) कुणाकडून लढेल?

माझ्या मते आधी स्वतःकडून, मग खलनायक यास्कीनच्या विरोधात.

पहिल्या भागाचा (जून २०२४) शेवट आठवा. अश्वत्थाम्याची काठी हातात येताच भैरव कर्ण होतो, पण भानावर आल्यावर कल्की जिच्या पोटात आहे त्या सुमतीला घेऊन पसार होतो. डोक्यात अजून तिच्यावरचं बक्षीसच! तिकडे सुमतीच्या गर्भातून काढलेलं सीरम टोचून तरतरीत झालेला यास्कीन गांडीव उचलतो. म्हणजे महाभारत उलटं झालंय बघा: अर्जुनाचं धनुष्य अधर्माच्या हातात, आणि तेव्हा दुर्योधनाकडून लढलेला कर्ण आता कल्कीच्या वाटेवर. दिग्दर्शक नाग अश्विन हा डाव वाया घालवेल असं वाटत नाही.

आमच्या देगलूरकडे तेलुगू घरोघरी कळतं, त्यामुळं थिएटरबाहेर चहावर हीच चर्चा. एक काका म्हणाले, “कर्णाला मरणच आहे.” मलाही तेच वाटतं, फक्त या वेळी योग्य बाजूनं. आपल्याकडचा अश्वत्थामा जखमेला तेल मागत फिरतो. त्याची सुटकाही कल्कीच्या जन्मानंतरच होईल.

खरी अडचण सुमतीची. सप्टेंबर २०२५मध्ये निर्मात्यांनीच सांगितलं की सुमती झालेली दीपिका पदुकोण पुढच्या भागात नाही. कल्कीची आईच बदलायची म्हणजे लै अवघड काम.