वाचक विचारतात: जमिनीतून उगवणारं ऑर्किड घरी लावता येईल का?

प्रश्न: जुलैमध्ये कास पठारावर गेलो होतो, तेव्हा गवतात एक गोल पान अगदी जमिनीला चिकटलेलं आणि त्यातून निघालेल्या दांड्यावर तीन-चार पांढरी फुलं दिसली. बरोबरचे म्हणाले हे ऑर्किड आहे. पण ऑर्किड तर झाडावर असतं ना? आणि पुढच्या वर्षी कंद आणून कुंडीत लावला तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: वर्णनावरून ती आषाढ आमरी वाटतेय (आमरी म्हणजे ऑर्किडच), शास्त्रीय नाव हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नशीबवान आहात, कारण कासला गर्दी होते ती ऑगस्टच्या शेवटापासून, तोवर हिचा बहर उरकलेला असतो. सगळी ऑर्किडं काही झाडावर राहत नाहीत हो, आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, जमिनीतून उगवणाऱ्या आमऱ्या भरपूर आहेत, उन्हाळाभर वर काहीच दिसत नाही, खाली कंद झोपलेला असतो आणि पहिल्या पावसात पान वर येतं.

आता कंदाचं. कृपा करून काढू नका. हा कंद बटाट्यासारखा साठा असतो, यंदाचं पान आणि फुलं त्याच्यावरच निघतात, तो रिकामा होत जातो आणि शेजारी पुढच्या वर्षीचा नवा कंद भरत असतो. म्हणजे फूल बघून तुम्ही खणलंत तर जुना संपत आलेला आणि नवा अजून कच्चा, अशा अवस्थेत तो हातात येतो, मग कुंडीत जगणार कसा? शिवाय तिची मुळं मातीतल्या बुरशीशी जोडलेली असतात. बी तर धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा जवळजवळ नाहीच, त्यामुळे योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. जांभ्यावरचा तो पातळ मातीचा थर, चार महिने धो धो पाऊस आणि नंतर कडक ऊन, हे सगळं गॅलरीत कुठून आणायचं? तिथली ओंजळभर माती सोबत आणली तरी भागत नाही. आणि कास राखीव जंगल आहे, 2012 पासून जागतिक वारशातही आहे, तिथून रोप उचलणं हा गुन्हाच आहे.

जमिनीतलं ऑर्किड घरी हवंच असेल तर नर्सरीत स्पॅथोग्लॉटिस मागा, जांभळ्या फुलांचं मिळतं, कुंडीत मस्त वाढतं, फक्त पाणी साचू देऊ नका.

पुढच्या वेळी आमरी दिसली की फुलाच्या मागे बघा, एक लांब नळी लोंबत असते, मध त्या नळीत असतो. फोटो काढताना पान पण फ्रेममध्ये घ्या, नुसत्या फुलावरून जात ओळखणं अवघड जातं. आणि पाय जपून ठेवा, फूल नसलेली पानं आजूबाजूला बरीच असतात आणि ती पटकन दिसत नाहीत.