वाचकांचे प्रश्न : सरकारी प्रशिक्षण आणि दिव्यांग तरुण

प्रश्न : माझी मुलगी 20 वर्षांची, बारावी उत्तीर्ण आणि जन्मतः कर्णबधिर आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तिला एका शासकीय कार्यालयात पाठवण्यात आले. परंतु ‘हिला फोन घेता येणार नाही, मग काम काय देणार? कर्णबधिरांच्या संस्थेत घाला,’ असे सांगून तिला रुजू करून घेतले नाही. आम्ही काय करावे?
– एक आई, जिल्हा सातारा

उत्तर : ताई, हे उत्तर कायद्याला धरून नाही आणि आपण ते मान्य करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 19 नुसार मुख्य प्रवाहातील सर्व व्यावसायिक व कौशल्य प्रशिक्षण योजनांमध्ये दिव्यांगांना सामावून घेणे आणि त्यासाठी लागणारे साहाय्य पुरवणे ही शासनाची जबाबदारी आहे. त्याच कलमात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रमांची तरतूद आहे. मात्र ती सर्वसाधारण योजनांच्या जोडीला आहे, त्यांचे दार बंद करण्यासाठी नाही.

बारावी उत्तीर्ण उमेदवाराला दरमहा 6,000 रुपये विद्यावेतन देणारी ही योजना 2024 साली सुरू झाली, ती प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा म्हणून. कार्यालयात संगणकावर नोंदी घेणे, आवक-जावक पाहणे, दस्तऐवज स्कॅन करणे अशी कितीतरी कामे असतात, ज्यांत फोनचा संबंधही येत नाही. गरजेनुसार असे योग्य फेरबदल करण्यास नकार देणे हाही भेदभावच होय, असे या कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. सांकेतिक भाषेचे दुभाषे तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाहीत, हे खरे आहे; म्हणून अर्जात उद्यापासून देता येतील अशा सोयी आधी मागा : सूचना लेखी किंवा मोबाइलवर लिहून द्याव्यात, समोर तोंड करून बोलावे आणि शंका विचारण्यासाठी एक कर्मचारी ठरवून द्यावा.

अर्ज लेखीच द्या, त्याची पोच घ्या आणि नकार असल्यास तोही कारणांसह लेखी मागा, कारण तोंडी नकाराचा पुरावा उरत नाही. कलम 23 नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक असून नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत होणे अपेक्षित आहे. तेथे दाद न मिळाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. आयुक्तांनी शिफारस केल्यावर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांच्या आत केलेली कार्यवाही, किंवा शिफारस न स्वीकारण्याची कारणे, कळवावी लागतात.

प्रश्न : माझ्या भावाच्या प्रमाणपत्रावर 30 टक्के अपंगत्व आहे. त्याला या तरतुदींचा काहीच उपयोग नाही का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : शासकीय नोकरीतील 4 टक्के आणि उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षणासाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागते, त्यामुळे ते त्याला मिळणार नाही. कलम 19 मध्ये मात्र टक्केवारीची अट नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केले की, परीक्षेत लेखनिक देण्यासारखी सोय 40 टक्क्यांच्या आतील व्यक्तीलाही नाकारता येत नाही. भावाने प्रशिक्षणासाठी अर्ज करताना प्रमाणपत्राची प्रत जोडून आपली नेमकी अडचण आणि हवी असलेली सोय लिहावी.