मुलगा यंदा दहावीत जातोय. शाळा सुरू व्हायच्या आधी घरच्यांनी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत सेमीला आहे, राहायला ऐरोलीत आहात, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत वह्या-पुस्तकं, वेळापत्रक, व्हेकेशन बॅच यातलं काय काय करावं. बाकीचं शेवटी सांगतो. व्हेकेशन बॅच, म्हणजे सुट्टीतच सुरू होणारा दहावीचा क्लास, लावू नका. हे मी पैसे घालवून आणि सख्ख्या भावाशी अबोला धरून शिकलोय, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

२०२२ चा मे. आम्ही घणसोलीत राहतो, मी रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. मुलगा नववी पास झाला होता. कोरोनामुळे आठवी अख्खी मोबाइलवर, नववीचंही बरंचसं तसंच. माझा थोरला भाऊ ठाण्याला वर्तकनगरला असतो. दादा १९९४ ला दहावीत गणितात गेला आणि पुन्हा बसलाच नाही. वडील, म्हणजे अण्णा, तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी होते, तो त्यांच्याबरोबर पाठीवर गोणी घ्यायला लागला, आणि त्या पैशावर माझा आयटीआय झाला. त्यामुळे आमच्या घरात दादाचा शब्द मोडायची पद्धत नाही. त्याने ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासचा पहिला हप्ता, १२ हजार, स्वतः भरला आणि पावती आणून माझ्या हातात दिली. म्हणाला, "दहावीचं वर्ष आहे, यंदा गावाला नेऊ नकोस."

क्लासची वेळ दुपारी बारा ते तीन. पोरगं मे महिन्याच्या उन्हात ट्रान्स हार्बरने ठाण्याला जायचं आणि साडेचारला लाल होऊन घरी यायचं. पहिल्याच दिवशी एक टेस्ट घेऊन त्याला सी बॅचमध्ये, म्हणजे कच्च्या मुलांत टाकलं. हे त्याने आम्हाला सांगितलं नाही, दादाच्या मुलाकडून कळलं.

दहाव्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि त्याची वही उघडली. डाव्या पानावर फळ्यावरून उतरवलेलं वर्गसमीकरण: एक्स वर्ग, वजा आठ एक्स, अधिक पंधरा, बरोबर शून्य. सगळ्या पायऱ्या बरोबर, खाली दोन रेघांत उत्तर. उजव्या पानावर तशाच प्रकारचं घरी सोडवायला दिलेलं गणित, तीन वेळा खोडलेलं, कागद पातळ झालेला. मी विचारलं, वजा तीन वजा पाच किती? म्हणाला, "प्लस आठ." का रे? "मायनस मायनस प्लस."

मी खाली बसलो. पोरगं दहावीचं दुसरं प्रकरण गिरवत होतं आणि त्याला वजा तीनमधून पाच वजा करता येत नव्हते. क्लासमध्ये हे कुणाला दिसलं नव्हतं. तिथे उत्तर फळ्यावरून वहीत यायचं, मुलाच्या डोक्यातून नाही.

दुसऱ्या दिवसापासून क्लास बंद केला. ई-बालभारतीवर जुन्या इयत्तांची पुस्तकं फुकट मिळतात, ती उतरवून घेतली. मला वाटलं होतं, भोक आठवीत पडलं असेल, कारण आठवीला शाळाच नव्हती. तसं नव्हतं. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी त्याला सहावीत शिकवली होती. सातवीत गुणाकार-भागाकार आला, त्यात 'ऋण गुणिले ऋण म्हणजे धन' हा नियम आला. मास्तरांनी तो 'मायनस मायनस प्लस' असा पाठ करून घेतला, आणि तो सहावीच्या वजाबाकीवर चढून बसला. तेव्हापासून तीन वर्षं पोरगं प्रत्येक बेरीज-वजाबाकीला गुणाकाराचा नियम लावत होतं आणि पस्तीस-चाळीस मार्कांवर पुढे सरकत होतं.

रात्री जेवण झाल्यावर आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये खडू घेऊन गेलो. एक फुटी फरशा आहेत. लिफ्टच्या दारासमोरच्या फरशीवर शून्य काढलं, उजवीकडे अधिक, डावीकडे वजा. त्याला शून्यावर उभा केला. वजा तीन, चाल. तिथून आणखी पाच वजा, चाल. शेजारच्या मावशींच्या चपलांच्या रॅकपाशी जाऊन उभा राहिला, वजा आठवर. पंधरा वर्षांचा मुलगा, लाज वाटत होती त्याला, खालच्या मजल्यावरची पोरं बघत होती. पण तिथे उभा राहून तो स्वतःहून म्हणाला, "म्हणजे मी दोनदा डावीकडेच आलो, प्लस कुठून येणार?" त्याला मी त्या दिवशी काहीच शिकवलं नाही. तो चालला, एवढंच.

सहावी-सातवीची ती प्रकरणं चार रात्रींत झाली. मग आठवीची विस्तारसूत्रं, अवयव, एकचल समीकरणं. मग नववीतली दोन चलांची समीकरणं. मध्ये आठ दिवस पाटणला गावी नेला, एकही पुस्तक न घेता. दहावीचं पुस्तक आम्ही शाळा सुरू होईपर्यंत उघडलं नाही.

दादाला कळलं तेव्हा तो फोनवर एवढंच म्हणाला, "माझे बारा हजार गेले तर गेले, पोराचं वर्ष घालवू नकोस." त्यानंतर बोलणं बंद. गणपतीत त्याच्याकडे आरतीला गेलो तर वहिनींनी ताट वाढलं, तो बाल्कनीत उभा. गौरी-विसर्जनाला बोलला.

२ मार्च २०२३ ला पहिला पेपर झाला. निकाल लागला तेव्हा गणितात शंभरपैकी ७४, बेस्ट ऑफ फाइव्हने ७८.४० टक्के. आता तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दादा अजून म्हणतो की क्लास सोडला नसता तर नव्वद पडले असते, त्या क्लासच्या बोर्डवर नव्वदच्या वरच्या पोरांचे फोटो लागतात. लागतात, पण ती ए बॅचची पोरं. ती घरूनच ऐंशी-पंच्याऐंशी घेऊन येतात. सी बॅचचा एकही फोटो मी त्या बोर्डवर पाहिलेला नाही. आणि हे त्याच्या तोंडावर बोलायला मला जमलेलं नाही, म्हणून इथे लिहितो: दादा, तू क्लास नव्हता म्हणून नापास झाला नाहीस. तुझी सहावी-सातवीची वही कोणी उघडून बघितली नाही म्हणून झालास. अण्णा रात्री दहाला मार्केटवरून यायचे, आई अंगठा करायची, कोण बघणार होतं?

आता तुमचं बाकीचं. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधलं मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दहावीचा फॉर्म त्यावरूनच भरला जातो आणि चूक थेट सर्टिफिकेटवर जाते. जातीचा दाखला, डोमिसाइल काढायचा असेल तर आत्ताच काढा. आपल्याला ठाणे तहसील लागतं, आणि निकालानंतर तिथे उभं राहायला जागा नसते. गणिताला बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २०. हे वीस मार्क शाळेच्या हातात असतात, तेव्हा वह्या आणि विज्ञानाचं जर्नल पहिल्या आठवड्यापासून पूर्ण ठेवायला लावा. वह्या शाळेने यादी दिल्यावर ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून डझनाने आणा, आधी नको. वेळापत्रक भिंतीवर लावू नका, आमच्याकडे दोनदा लावलं, दोन्हीदा आठवड्यात पडलं.

एक आहे. मी शिफ्टवाला, दुपारी चारला घरी असतो, आणि दहावीपर्यंतचं गणित मला येतं. तुम्ही दोघंही रात्री आठला घरी येत असाल तर मुलाला कुठेतरी बसवावं लागेलच, मग क्लास लावा. पण जूननंतर, घराजवळचा, दहा-बारा मुलांचा, आणि जिथे सर वही तपासतात असा. आणि तुमच्या मुलाचं गणित चांगलं असेल तर माझं अर्धं उत्तर सोडून द्या.

ते कळायला आज रात्री त्याला कागदावर एवढं द्या: वजा तीन वजा पाच. वजा तीन गुणिले वजा पाच. तीन वजा, कंसात वजा पाच. वजा आठ अधिक तीन. अर्धा वजा एक तृतीयांश. कॅल्क्युलेटर नको, पायऱ्या दिसायला हव्यात. काय आलं ते इथे लिहा, कोणत्या इयत्तेचं पुस्तक काढायचं ते सांगतो.