तिसऱ्या (खायचे शिंपले) भरपूर उकळल्या तर शेवाळाचं विष मरतं का?

नाही. प्रश्नातल्या ‘मरतं’ या शब्दातच घोळ आहे. जंतू मरतात. इथे मामला एका रेणूचा आहे.

मी वेंगुर्ल्याकडचा, तिसऱ्यांवरच वाढलेला. पुढे रसायनशास्त्र शिकताना हे विष, सॅक्सिटॉक्सिन, भेटलं आणि घरच्या बऱ्याच समजुतींना तडा गेला. अलेक्झांड्रियमसारखी एकपेशीय शैवालं ते तयार करतात. शिंपले पाणी गाळून पोट भरतात, त्यामुळे ते त्यांच्या मांसात साठत जातं. त्यांचं स्वतःचं मात्र फारसं बिघडत नाही.

प्रथिनांची विषं तापवली की अंड्यातल्या पांढऱ्यासारखी थिजतात, घडी विस्कटते, खेळ खलास. सॅक्सिटॉक्सिनला विस्कटायला घडीच नाही. जेमतेम 299 रेणुभार, तीन कड्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या, आणि त्यावर धन प्रभाराचे दोन ग्वानिडिनियम गट. हा प्रभार मज्जापेशीत सोडियम शिरण्याच्या वाटेवर बुचासारखा बसतो. आधी ओठ-जिभेला मुंग्या, मग हातपाय लुळे, शेवटी श्वासाचे स्नायू. उतारा नाही, लघवीवाटे विष निघून जाईपर्यंत श्वास यंत्रावर चालू ठेवायचा, एवढंच हातात.

आमची मावशी म्हणते, ‘कोकम घातलं की बाधत नाही.’ पण आम्लात हा रेणू मजेत टिकतो. शिंपल्यांच्या तपासणीची जुनी प्रमाणित पद्धतच अशी की मांस सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडात 5 मिनिटं उकळायचं, विष काढून घेण्यासाठी! तिथे कोकमाची काय कथा. तो मोडतो अल्कलीत, पण तेवढी अल्कली घातलेलं कालवण कोणी तोंडात धरणार नाही. शिवाय तो पाण्यात विरघळतो. उकळताना मांसातलं थोडं विष पाण्यात उतरतं खरं, पण आपण ते पाणी फेकतो कुठे? त्याचंच तर सार करतो.

मांसात किलोमागे 800 मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं की अनेक देशांत विक्री थांबवतात. आपल्याकडे 1997 मध्ये केरळात विळिंजमला शिंपले खाऊन 7 जण दगावले होते.

आणि हो, रात्री लाटा निळ्या चमकतात त्या बहुधा नॉक्टिलुका या दुसऱ्या एकपेशीय जिवामुळे. ती सॅक्सिटॉक्सिन बनवत नाही. तिच्या पेशीत अमोनिया साठतो, त्याचा जाच माशांना. अलेक्झांड्रियम मात्र पाण्याचा रंग जराही न बदलता शिंपले विषारी करू शकतं.