लक्ष्मणफळाच्या रसाने कॅन्सर बरा होतो का? आईची केमो सुरू आहे, द्यावा का?

नाही, बरा होत नाही. आणि केमो चालू असताना पानांचा काढा किंवा कॅप्सूल तर डॉक्टरांना न विचारता अजिबात देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी' हा आकडा हवेतला नाही, पण त्याचा अर्थ पार बदलून टाकलाय. १९९६ मध्ये लक्ष्मणफळाच्या बियांतून वेगळं काढलेलं एक संयुग प्रयोगशाळेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधाशी ताडून पाहिलं, तिथला तो आकडा. माणसांवर नव्हे, रसावरही नव्हे. (बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात.)

ही अ‍ॅसिटोजेनिन गटातली संयुगं पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जानिर्मिती अडवतात. अडचण अशी, की ती निरोगी चेतापेशींनाही सोडत नाहीत. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा भरपूर घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला. थेट कारण म्हणून ते सिद्ध झालेलं नाही, पण संशय घ्यायला पुरेसं आहे.

वनस्पतींतून औषधं मिळतात हे खरंच. दारातल्या सदाफुलीतून आलेलं व्हिंक्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही वापरतात. पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. सदाफुलीची पानं चावून खाल्ली तर विषबाधा होऊ शकते.

आईंना लक्ष्मणफळाची चवच आवडत असेल, तर बिया काढून थोडा पिकलेला गर चालेल का, एवढं त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारा. ग्रेपफ्रूट घरात येत असेल तर तेही सांगा. काही औषधांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं.