पुण्यात राहून चित्रं, नाटक आणि लघुपट तिन्ही करतोय. एकच धरावं का?

सोडू नका काहीही. लोक म्हणतील, 'धड ना हे, धड ना ते'. म्हणू देत. प्रभात फिल्म कंपनीचे दामले आणि फत्तेलाल दोघेही चित्रकार-चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. पुढे फत्तेलालांनी कलादिग्दर्शन सांभाळलं, दामल्यांनी ध्वनिमुद्रण, आणि १९३६ चा 'संत तुकाराम' दोघांनी मिळून दिग्दर्शित केला. प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओच्या जागेत आज एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था आहे.

फक्त तिन्ही कामं एकमेकांना जोडा. समजा, मंडईतल्या भाजीवालीवर लघुपट करायचाय. कॅमेरा घरी ठेवून पहाटे वही घेऊन जा. ती जुडी कशी बांधते, पाणी कुठल्या हाताने शिंपडते, ऊन कुठून येतं, ते रेखाटा. दुसऱ्या दिवशी फक्त आवाज रेकॉर्ड करा: हातगाड्या, घासाघीस, तराजूची वजनं. मग नाटकातल्या दोन मित्रांकडून तोच संवाद चार तऱ्हांनी करून घ्या. शूटिंगच्या दिवशी निम्मे शॉट आपोआप गळतात, आणि खर्चही वाचतो (पदरचे पैसे असतात ना!).

कॅमेरा भाड्याने घ्या, पण माइक स्वतःचा असू द्या. चित्र जरा धूसर चालतं, संवाद ऐकू आला नाही की प्रेक्षक सरळ मोबाइल काढतात.